बोटीवर सोडा काय भाव

समुद्र डोळ्यांनी पाहण्याआधी सात वर्षं समुद्रावरच्या सोड्याचा भाव काढत बसलेला माणूस साऱ्या खानदेशात एकच झाला, आणि ते माझे सासरे होते. पुष्कळ लोक काशीला जाण्याआधी गंगेचं माहात्म्य वाचतात. आमच्या सासऱ्यांनी आफ्रिकेला जाण्याआधी बोटीवर चहा किती आण्यांना मिळतो, त्यात दूध असतं का, दूध नको म्हटलं तर भाव उतरतो का, आणि अर्धाच कप हवा असेल तर उरलेल्या अर्ध्याचं काय करतात, एवढं सगळं विचारून ठेवलं होतं. बोट केवढी असते, ती बुडते का, हे त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. बुडणं तिकिटातच धरलेलं असतं, असं त्यांचं मत होतं.

आता हे ऐकून कुणालाही वाटेल की माणूस चिक्कू असावा. तसं मुळीच नव्हतं. तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे त्यांची कापसाची आणि केळीची शेती होती, आणि दारावरून जाणारा माणूस जेवल्याशिवाय पुढे गेला तर त्यांना तो अपमान वाटे. एका वर्षी वावटळीने सबंध केळीची बाग आडवी केली, तेव्हा बांधावर उभे राहून त्यांनी एवढंच म्हटलं की यंदा गुरांना केळीचा पाला भरपूर. दोन बैल एका आठवड्यात गेले तेव्हाही त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. पण नंदुरबारच्या बाजारात एखाद्याने भाव न सांगता चहाचा कप पुढे केला की त्यांच्या अंगाला घाम फुटायचा. गेलेल्या पैशाचं त्यांना काही वाटत नसे. जाणार आहे पण किती ते ठाऊक नाही, असा पैसा त्यांना झोपू देत नसे. बसू तर मुळीच देत नसे. मी त्यांना सलग घटकाभर बसलेलं फार क्वचित पाहिलं. ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून पुन्हा ओट्यावर अशी त्यांची दिवसभर ये-जा चाले, आणि जेवायला बसले तरी डावा गुडघा हलत असे. सासूबाई त्या गुडघ्यावर हात ठेवून वाढायच्या.

या सगळ्याला कारण होती त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझी मेहुणी. तिला सुरतेकडच्या आमच्याच जातीतल्या एका घरी दिली होती आणि लग्नानंतर महिन्याभरात तिच्या नवऱ्याने तिला आफ्रिकेत मोंबासाला नेली. तिथे त्याचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. माझं लग्न धाकटीशी झालं तेव्हा थोरलीला जाऊन चार वर्षं झाली होती. दर दिवाळीच्या सुमारास तिचं पत्र येई. मी नंदुरबारला कापसाच्या एका जिनात कारकून होतो, तेव्हा घरातला शिकलेला माणूस म्हणून ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पत्रात दुकानाची खुशाली, पोरांची खुशाली आणि शेवटी नेहमीचं एक वाक्य असे, की आईला घेऊन एकदा या. ते वाक्य वाचलं की सासरे उठायचे, अंगणात तीन फेऱ्या घालायचे आणि म्हणायचे, “जवाई, बोटवर सोडा काय भाव शे, तेवढं काढा.”

मी पहिल्या वर्षी खरोखरच काढलं. मुंबईला कापसाच्या गाठी पाठवणारा आमच्या जिनाचा एक दलाल होता, त्याच्याकडून तिकिटाचे दर मागवले. डेकचं तिकीट, खाणं आपलं आपण न्यायचं, पाणी फुकट. मला वाटलं, झालं काम. पण तिकिटाचा आकडा त्यांनी एका दमात मान्य केला आणि मग पुढचे प्रश्न सुरू केले. बोटीवर खुर्चीला भाडं पडतं का? सामान उचलणाऱ्याला द्यायचं ते चढताना की उतरताना? पाणी फुकट म्हणजे थंड की कोमट? अकरा दिवसांत दाढी वाढणार, तर न्हावी कंपनीचा की आपला? दलालाचं उत्तर येईना, कारण दलालाने असले प्रश्न जन्मात ऐकले नव्हते. सासऱ्यांनी एक वही शिवून घेतली आणि तिच्यात खाती पाडली. चहा, सोडा, लिंबू, बर्फ, खुर्ची, खलाशाला बक्षीस, न्हावी. त्यांच्याखाली ‘ओळख झालेल्या माणसाने चहा पाजल्यास परत पाजावा लागणारा चहा’ असं एक लांबलचक खातं होतं. आणि सगळ्यात शेवटी होतं ‘काय म्हाईत’. या खात्याला त्यांनी बाकी सगळ्या खात्यांच्या बेरजेहून मोठी रक्कम धरली होती. कापूस विकला गेला की दर वर्षी ते ‘काय म्हाईत’मध्ये भर घालायचे, आणि तरी ते पुरेल अशी त्यांची खात्री होत नसे.

माणसाला समुद्रावर तहान किती लागते, हा त्यांच्यापुढचा फार मोठा पेच होता. तो सोडवण्यासाठी त्यांनी एका उन्हाळ्यात जो प्रयोग केला तो आमच्या घराण्यात अजून सांगितला जातो. ओसरीत पितळी कड्यांचा मोठा झोपाळा होता. बोट हलते, झोपाळा हलतो, तेव्हा फरक काय, असा विचार करून ते एका सकाळी लिंबांची टोपली, पाण्याची घागर आणि मोजायला तांब्या घेऊन झोपाळ्यावर चढले. दिवेलागणीपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही, झोपाळा थांबू द्यायचा नाही, आणि तहान लागेल तेव्हा मोजून प्यायचं. झोके द्यायला गडी एकामागून एक लावले. दुपारपर्यंत ते छान बोलत होते. तिसऱ्या प्रहरी बोलणं थांबलं. मग त्यांचा रंग कच्च्या केळ्यासारखा झाला, आणि एकदम झोपाळ्याची कडी धरून त्यांनी सकाळपासूनचं सगळं सरबत अंगणात परत केलं. सासूबाई पाणी घेऊन धावल्या. तोंड पुसता पुसता हे मला म्हणाले की लिहा, लिंबं रोजची सहा, पण त्यातली चार वाया.

भाव विचारण्यासाठी ते किती खर्च करतील याला मर्यादा नव्हती. कुणीतरी सांगितलं की नवापूरकडच्या डोंगरातला एक ख्रिस्ती शेतकरी पहिल्या लढाईत मजूर म्हणून बोटीने बसऱ्याला गेला होता, तो खांडबाऱ्याच्या बाजाराला येतो. झालं, मला सुट्टी घ्यायला लावून आम्ही गाडीने खांडबाऱ्याला गेलो. बाजारात दोन तास हिंडल्यावर तो माणूस सापडला. म्हातारा, काटकुळा, कोंबड्या विकायला बसलेला. सासऱ्यांनी त्याच्यासमोर उकिडवं बसून त्याला बोटीवरच्या सोड्याचा भाव विचारला. त्याने हातातली कोंबडी खाली ठेवली. मग शांतपणे सांगितलं की सरकारची बोट होती, पाणी फुकट होतं, पण पोटात ठेवायला महाग पडायचं. सासऱ्यांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी त्याला जेवू घातलं, दोन वेळा चहा पाजला आणि त्याच्या सगळ्या कोंबड्या विकत घेतल्या. आम्ही माळकरी. कोंबड्यांचं करायचं काय? शेवटी त्या त्यालाच परत दिल्या. एवढं करून वहीत एक नवं खातं वाढलं, ‘समुद्र लागल्यास’.

अशी सात वर्षं गेली. थोरलीला जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आता बदललं होतं. आईला घेऊन एकदा या, याच्याऐवजी ती लिहायची, आईची तब्येत बरी असेलच. मी ते वाचलं की माझी बायको स्वयंपाकघरात निघून जायची आणि सासरे वही उघडायचे. त्या वर्षी फाल्गुनात जिनाचा हंगाम संपला आणि मी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो, तर सासूबाई ओसरीत पत्र्याच्या पेटीवर बसलेल्या. पेटीला दोरी बांधलेली. नवं लुगडं नेसलेलं. नवऱ्यासमोर कधी मोठ्याने न बोललेल्या त्या बाईने त्यांच्याकडे न पाहताच सांगितलं, “तुम्ही हिशोब करा. मी जवाईसंगे जाई ऱ्हायनी.”

सासरे अंगणात गेले. मी फेऱ्या मोजल्या नाहीत, पण ऊन ओसरीच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सरकलं. मग ते आत आले आणि मला म्हणाले की तीन तिकिटं काढा, आणि नंदुरबारहून दोन डझन गोटीचा सोडा घ्या. बोटीवर भाव काही का असेना, आपला सोडा आपल्याजवळ.

गोटीच्या बाटल्यांचं एक असतं, त्यांना ऊन सोसत नाही. आम्ही चैत्रात निघालो. सुरतेच्या गाडीत लाकडी पेटीत गवत घालून बाटल्या बाकाखाली ठेवल्या होत्या. नवापूर सोडलं आणि पहिली बाटली फुटली. डब्यात बंदुकीसारखा आवाज झाला, लोक बाकावर आडवे झाले, एका बाईने गळ्यातलं तोडून मुठीत लपवलं. सासऱ्यांनी वही काढून एक रेघ मारली. सोनगढपर्यंत आणखी तीन, व्याऱ्याला दोन, बारडोलीच्या आसपास तर एकीमागून एक नऊ गेल्या. दर वेळी लोक दचकायचे आणि हे रेघ मारायचे. सुरतेला उतरलो तेव्हा नऊ उरल्या होत्या आणि डब्यातली सगळी माणसं आमच्यापासून दूर एका टोकाला जाऊन बसली होती. “डझनभर फुटतीन असं धरेल व्हतं,” ते म्हणाले. “तीन जास्ती गया.” आणि एवढ्यावरून ते मुंबईपर्यंत अस्वस्थ राहिले.

मुंबईला परवाने, देवीची लस, धक्क्यावरची गर्दी, या सगळ्यातून आम्ही बोटीवर चढलो. डेकवर ताडपत्रीच्या सावलीत आम्ही आपली जागा धरली, गादी पसरली, दशम्या-लोणच्याची पेटी उशाला घेतली. सासरे लगेच फिरायला निघाले आणि तासाभराने परतले ते काळवंडलेला चेहरा घेऊन. मला वाटलं, भाव भलताच निघाला. पण झालं होतं उलटंच. पाणी फुकट आणि थंड. चहा एक आण्याला, तोही मोठा पेला. खुर्ची डेकवाल्याला मिळतच नाही, म्हणून भाडंही नाही. न्हावी खलाशांपैकीच एक, तो म्हणे जे द्याल ते. सात वर्षं चढवलेली रक्कम अशी जागच्या जागी बिनकामाची झाली. त्यात पहिले तीन दिवस सासूबाईंना समुद्र लागला आणि यांना चहाचा वाससुद्धा सहन होईना. पिण्याचं खातं भरलेलं आणि प्यायची इच्छा मेलेली. ते कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे आणि दर फेरीला माझ्यापाशी थांबून विचारायचे की आपलं काही चुकलं तर नाही ना. एवढ्या स्वस्ताईत काहीतरी दगा असला पाहिजे, असं त्यांना वाटत होतं.

चौथ्या दिवशी ते कळलं. आमच्या शेजारी, दोन ट्रंकांच्या आड, कच्छकडची एक नवी सून होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. नवरा मोंबासाला, आणि सोबतीला दिलेला म्हातारा चुलतसासरा बोट सुटल्यापासून स्वतःच डोकं वर करत नव्हता. ती पोरगी पहिल्या दिवसापासून ओकत होती, पण लाजेने पदर तोंडावर घेऊन पडलेली, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सासूबाई जरा सावरल्या तेव्हा त्यांनी तिच्या अंगाला हात लावून पाहिला आणि मला डॉक्टरला आणायला सांगितलं. बोटीचा डॉक्टर आला, त्याने तिची कातडी चिमटीत धरून पाहिली. चिमूट सोडली तरी कातडी तशीच उभी राहिली. तो म्हणाला की पोटात पाण्याचा थेंब राहिला नाही, बर्फ आणि सोडा चमच्या-चमच्याने देत राहा, नाहीतर मोंबासा गाठणं कठीण आहे. त्याच्याकडे औषध होतं, बर्फ नव्हता. बर्फ वर, साहेबांच्या वर्गातल्या बारमध्ये.

आमच्या नऊ बाटल्यांमधला सोडा संध्याकाळपर्यंत संपला. तो गरम होता, तिच्या पोटात टिकेना. सासरे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर दोन्ही गुडघे स्थिर. मग ते वळले आणि वर जाणाऱ्या जिन्याकडे चालू लागले. डेकच्या उतारूंनी तो जिना चढायचा नाही असा नियम होता, तसं सांगायला एक खलाशी आडवा आला. सासऱ्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, जसं शेतात वासराला करतात तसं, आणि वर गेले. मी मागून धावलो. बारमध्ये पंख्याखाली दोन-तीन साहेब बसलेले. गल्ल्यावर गोव्याचा एक बटलर होता. धोतर, मुंडासं आणि अनवाणी पाय पाहून तो गोंधळला. मी त्याला मराठीत सगळं समजावलं. तो भला माणूस होता, पण म्हणाला की बर्फ इथे फार महाग पडतो, पुढे तक्रार नको म्हणून आधी भाव ऐकून घ्या.

सासऱ्यांनी कमरेचा कसा सोडला आणि सबंध गल्ल्यावर ठेवला. ‘काय म्हाईत’चं सगळं त्यात होतं.

“भाव नको सांगू,” ते म्हणाले. “बर्फ दे.”

मी त्या माणसाला सात वर्षं ओळखत होतो. त्यांच्या तोंडून ही वाक्यं निघतील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्यानंतर तीन दिवस त्या जिन्यावरून त्यांच्या फेऱ्या चालल्या. खलाशी आता वाट सोडून उभे राहायचे. पंच्यात गुंडाळलेला बर्फ आणि काखेत सोड्याची बाटली घेऊन ते खाली यायचे, सासूबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाजायच्या, आणि हे दोन हात अंतरावर उकिडवे बसून प्रत्येक घोट आत जाताना पाहायचे. घोट टिकला की मान हलवायचे. सातव्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि आमच्या पेटीकडे पाहत लोणचं मागितलं. यावर सासरे भयंकर चिडले. एरवी अहिराणी बोलणारा माणूस एकदम घरच्या गुजरी बोलीवर उतरला, आणि मेलेल्या पोटाला लोणचं मागतेस म्हणून तिला असं काही बोलला की सगळा डेक गोळा झाला. ती हसत होती. बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने तिला लोणच्याची फोड दिली आणि तोंड धुवायला निघून गेले. बराच वेळ आले नाहीत.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी त्यांना शोधत गेलो, तर ते मागच्या कठड्याशी होते. माझ्याकडे न वळताच बोलायला लागले. थोरलीची सोयरीक एका लग्नाच्या मांडवात, जेवणाच्या पंगतीत ठरली होती. पाहुणे घाईत होते, माणसं तालेवार दिसत होती, आणि यांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली. “तवय मी एकच गोठ इचारी, जवाई. जमीन कितली शे. पोऱ्या कोठे ऱ्हाई, ते इचारंच नही.” पोरगा आफ्रिकेत राहतो हे त्यांना कळलं ते हळद फिटल्यावर, मुलाच्या चुलत्याने सहज बोलता बोलता सांगितलं तेव्हा. मुलीला ते मुंबईपर्यंत पोचवायलाही गेले नव्हते, कापसाची वेचणी चालू होती. तीही अशीच एका कोपऱ्यात तोंड झाकून पडली असेल. तिला पाणी कुणी दिलं असेल, हे अकरा वर्षं त्यांच्या डोक्यात होतं. विचारायचं कुणाला, म्हणून ते सोड्याचा भाव विचारत राहिले. हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते मला त्यांच्या पाठीकडे पाहताना कळलं.

मोंबासाच्या धक्क्यावर थोरली आली होती. मी तिला कधी पाहिलंच नव्हतं, पण ओळखायला अडचण पडली नाही. तीच चाल, तीच भिरभिरती नजर. अंगाने चांगली भरलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि हमालांशी त्यांच्या भाषेत अशी भांडत होती की चार धिप्पाड माणसं मुकाट्याने सामान उचलत होती. आईला तिने मिठी मारली, बापाच्या पाया पडली. बापाने आशीर्वाद द्यायच्या आधी विचारलं की येताना बोटीवर तुला कुणी पाणी दिलं होतं का. तिला प्रश्नच कळेना. दोनदा सांगितल्यावर ती खळखळून हसली. तिने सांगितलं की तिला समुद्र लागलाच नव्हता. बारा दिवस ती दोन्ही वेळ पोटभर जेवली, बायकांत गाणी म्हटली, आणि जन्मात पहिल्यांदा आयत्या नळाचं पाणी प्यायली. नदीवरून हंडे आणायचे नाहीत, चूल पेटवायची नाही. बोट थांबूच नये असं तिला वाटत होतं.

सासऱ्यांना हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण अकरा वर्षं वाहिलेलं ओझं कुणी हसत हसत उचलून टाकलं की खांद्याला चमत्कारिकच वाटत असणार. दुकानाच्या दारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दारात अशा त्यांच्या फेऱ्या तिथेही चालू झाल्या. गिऱ्हाइकं बाजूने वाट काढायची. नातवंडं त्यांच्या मागून तशीच हात मागे बांधून फिरायची. महिनाभर आम्ही राहिलो आणि महिनाभर हे चाललं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी थोरली आमच्या वाटेसाठी पुऱ्या बांधत बसली होती. मी आणि सासूबाई तिथेच होतो. सासरे दारात आले आणि उभे राहिले. त्यांना काही म्हणायचं होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तीच आधी बोलली. हातातलं काम तिने थांबवलं नाही.

“बापा, पहिलं वरीस तुमना लई राग उना. रोज रडू. मंग दुकान वाढनं, पोरं झायात. तुमना राग कराले येळच नही भेटना.”

ते आत आले आणि तिच्या शेजारी बसले. जमिनीवर, भिंतीला टेकून. तिने त्यांच्या हातात एक पुरी दिली. ती खाऊन झाल्यावर ते तिथेच आडवे झाले आणि झोपले. भर दुपारी झोपलेलं त्यांना सासूबाईंनीही कधी पाहिलं नव्हतं. त्या उठून डोक्याखाली काही ठेवायला गेल्या, तर थोरलीने आईला खुणेनेच थांबवलं, आणि पुऱ्यांचा डबा अलगद बाजूला सारून आपली मांडी दिली. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. ती हलली नाही.

पुन्हा यायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. थोरलीनेही दोन वर्षांनी पोरांना घेऊन येते म्हटलं होतं. पण मध्ये लढाई पेटली, समुद्रावरून माणसांची ये-जा थांबली, पत्रंसुद्धा फोडलेली आणि सहा-सहा महिन्यांनी येऊ लागली. सासरे लढाईच्या तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापात गेले. थोरली त्यांना पुन्हा भेटली नाही. त्यांच्याबद्दल बोलायला बसलो की लोक झोपाळ्याची गोष्ट मागतात, बाटल्यांची मागतात, आणि मी सांगतोही. ऐकणारे पोट धरून हसतात.

मला मात्र ते आठवतात ते परतीच्या वाटेवर, सुरतेहून नंदुरबारला येणाऱ्या गाडीत. नवापूरला एक डोंगरातला माणूस चढला. खांद्यावर घोंगडी, हातात मोहाच्या फुलांची पाटी. तो आमच्यासमोर बसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्याने काही विचारलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्याला प्रश्न विचारत आलेला आमचा सासरा पुढे वाकला आणि त्या अनोळखी माणसाला आपण होऊन म्हणाला, “मन्ही मोठी पोर आफ्रिकेत ऱ्हास. बरी शे.”

त्या माणसाने मान हलवली. आफ्रिका म्हणजे काय हे त्याला माहीत असण्याचा संभव नव्हता. जरा वेळाने त्याने विचारलं की लांब आहे का ते गाव.

 खांडबारा आलं, गेलं.

“शे,” ते म्हणाले. “लांब शे.”

आणि मग नंदुरबार येईपर्यंत ते दोघेही बाहेरची, उन्हाने करपलेली, नांगरून ठेवलेली रानं बघत बसले.